उतारावरची पकड

सांगली-सातारा भागात साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या मुलांना स्वतःच्या मालकीचे पहिले वाहन मिळे ते गॅरेजच्या भंगारातून. ट्रकचे बेअरिंग झिजले, त्यातून खरखर ऐकू येऊ लागली की मिस्त्री ते काढून कोपऱ्यात फेकून देई. तिथून आमचा व्यवहार सुरू होई. आठवडाभर मिस्त्रीचे पाने पुसून द्यायचे, त्याला चहा आणून द्यायचा आणि त्या मोबदल्यात तीन बेअरिंगे पदरात पाडून घ्यायची. मग एक फळी, दोन दांडकी, मूठभर खिळे. मागच्या दांडक्याच्या दोन टोकांना एकेक बेअरिंग, पुढच्या दांडक्याला मधोमध एक. पुढचे दांडके एका बोल्टवर फिरते ठेवायचे आणि त्याला सुतळीचा लगाम बांधायचा. झाली गाडी!

आष्टा हे तसे सपाट गाव. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधल्या काळ्या रानात वसलेले. त्यामुळे उतार शोधणे हा स्वतंत्र उद्योग असे. एखाद्या पुलाचा भराव, गोदामासमोरचा धक्का, कुठे नव्याने झालेला सिमेंटचा बोळ. उतार सापडला की गाडी सुटे आणि तिच्या आवाजाने अर्धी गल्ली दारात येई. पण या गाडीचे एक दुखणे होते. सरळ ती बाणासारखी जाई, वळताना मात्र दगा देई. लोखंड आणि सिमेंट यांचे कधी पटलेच नाही. लगाम ओढला की पुढचे बेअरिंग वळे, पण मागची दोन जुन्याच वाटेने घसरत जात आणि आम्ही फळीसकट भिंतीकडे. कुणी हुशार मुलगा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बेअरिंगवर चढवून पाही. मग गाडी वळे झकास, पण चालेना. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला ट्यूब निसटून पडे. वेग हवा तर पकड सुटते, पकड हवी तर वेग मरतो. हे कोडे आम्ही कुणीच सोडवू शकलो नाही. दहावीच्या परीक्षा आल्या आणि गाड्या माळ्यावर गेल्या.

याच कोड्याशी त्याच सुमारास पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, दुसरी मुले झगडत होती. ती समुद्राच्या लाटांवर फळीने घसरणारी मुले. लाटा नसतील त्या दिवशी काय करायचे, म्हणून त्यांनी फळीला रोलर स्केटची चाके ठोकली आणि रस्त्यालाच लाट मानले. स्केटबोर्डचा जन्म तो हाच. सुरुवातीला चाके लोखंडी होती, पुढे मातीच्या मिश्रणाची आली. ही चाके कडक आणि ठिसूळ. रस्त्यावर एक खडा आडवा आला की चाक जागीच थांबे आणि मुलगा पुढे जाई. अपघात इतके वाढले की १९६५ च्या सुमारास अनेक शहरांनी या खेळावर बंदी घातली. कारखानदारांकडे मालाचे ढीग पडून राहिले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर सगळा धंदा बुडीत खात्यात गेला.

त्याला वर काढले ते एका रसायनाने. पॉलियुरेथेन हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायर यांचे १९३७ सालचे संशोधन. त्याचे कितीतरी अवतार आज आपल्या घरात आहेत. गादीतला फोम तोच, चपलेचा तळवाही पुष्कळदा तोच. सत्तरच्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका कारखान्यात रोलर स्केटसाठी केलेली युरेथेनची चाके पाहिली, ती आपल्या फळीला लावून पाहिली आणि कॅलिफोर्नियात जाऊन ‘कॅडिलॅक’ नावाने विकायला काढली. ही चाके खडा गिळून पुढे जात. वळणावर रस्ता धरून ठेवत. ट्यूबसारखी निसटतही नव्हती, कारण चाकच त्या पदार्थाचे होते. आमच्या मित्राची ट्यूबची कल्पना चुकीची नव्हती. त्याला फक्त रसायन मिळाले नव्हते.

इथे माझ्यातल्या जुन्या कर्ज अधिकाऱ्याला एक गोष्ट आठवते. ऐंशीच्या दशकात मी ग्रामीण शाखेत असताना ऊस वाहतुकीच्या बैलगाडीसाठी कर्जाचे अर्ज येत. जुन्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. लोहार ती लालबुंद तापवून चाकावर चढवी, वरून पाणी ओती, आणि आक्रसलेली धाव आरे-तुंबे सगळे आवळून धरी. मोठा देखणा कार्यक्रम असायचा तो. पण या धावेने डांबरी रस्ते कापले जात. म्हणून रबरी टायरची ‘डनलॉप गाडी’ आली, तिच्यावर कितीतरी जास्त ऊस बसू लागला, आणि आम्ही मंजुरीच्या सह्या करू लागलो. एक म्हातारे शेतकरी मात्र अर्ज भरतानाच कुरकुरले. म्हणाले, “सायेब, ही गाडी सपाटीला बरी. उताराला लागली की बैलाच्या मानंवर येती. लोखंडी चाक स्वतःच जरा अडून धरायचं.” भौतिकशास्त्राचे पुस्तक त्यांनी उघडले नसेल, पण मुद्दा पक्का होता. चाक सुटे धावू लागले की ते धरण्याची काही तरी वेगळी सोय करावी लागते. डनलॉप गाडीला ब्रेक बसवावा लागला. स्केटबोर्डला ब्रेक नसतोच. तिथे धरण्याचे सगळे काम चाकाच्या कातडीने करायचे.

ही कातडी किती मऊ असावी? याचे मोजमाप आहे. शोअर नावाच्या संशोधकाच्या नावाने ओळखले जाणारे एक छोटे उपकरण असते. त्याची बोथट सुई पदार्थावर दाबतात आणि ती किती आत शिरते त्यावरून शून्य ते शंभरपर्यंत आकडा येतो. हुरड्याचा दाणा भरला की नाही हे आपल्याकडे नखाने दाबून पाहतात, तीच ही युक्ती. फक्त नखाच्या जागी सुई आणि अनुभवाच्या जागी तबकडी. चौकातल्या पायऱ्या-कठड्यांवर कसरती करणारे खेळाडू शंभराच्या आसपासची टणक चाके वापरतात, कारण त्यांना हवे तेव्हा घसरता आले पाहिजे. वळणे घेत वाहत जाणाऱ्यांची चाके अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे बरीच मऊ आणि आकाराने मोठी असतात. शाळेत आपण शिकलो की घर्षण फक्त वजनावर आणि पृष्ठभागाच्या जातीवर अवलंबून असते, टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. परीक्षेत हे लिहून गुणही मिळवले. रबर आणि युरेथेन मात्र हा नियम पुरता पाळत नाहीत. मऊ चाक काँक्रीटच्या बारीक खरबरीतपणात रुतते, प्रत्येक कणाला बिलगते, आणि त्या बिलगण्यातच त्याची थोडी शक्ती उष्णता होऊन जाते. म्हणून ते धरते चांगले आणि धावते किंचित कमी. कोडे सुटले असे नाही, पण त्याचे दर ठरले.

हे सगळे मला एवढ्या तपशिलाने कळण्याचे कारण माझा नातू. माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात असतो. नातू तेरा वर्षांचा. तो ज्या फळीवर उभा राहतो तिला ‘सर्फस्केट’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथे नील कार्व्हर आणि ग्रेग फॉक या दोघांनी १९९६ मध्ये तिचा आरंभ केला. साध्या स्केटबोर्डला जमिनीवर पाय मारून पुढे न्यावे लागते. सर्फस्केटचा पुढचा आस एका खुंटीवर डावी-उजवीकडे फिरतो. खांदे फिरवले, मग कंबर, मग गुडघे, की फळी नागमोडी वळत आपोआप पुढे सरकते. पाय खाली टेकावा लागत नाही. मी पहिल्यांदा ती उलटी करून पाहिली तेव्हा हसूच आले. फिरते पुढचे दांडके! आमच्या बेअरिंगच्या गाडीचा बोल्टच तो, फक्त त्याला स्प्रिंग लागली होती. यातली मेख अशी की पुढे जाण्याचा जोर चाक आडवे रेटण्यातून येतो. चाक घसरले तर तो जोर फुकट. तेव्हा सर्फस्केटला पकड ही केवळ सुरक्षेसाठी लागत नाही, तेच तिचे इंजिन आहे.

आता अल्बुकर्की. हे समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच, रखरखीत शहर. पूर्वेला सांदिया डोंगर, पश्चिमेकडे रिओ ग्रांदे नदी. डोंगरातून नदीकडे येणारे ओढे वर्षभर कोरडे. त्यांना तिथे ‘आरोयो’ हा स्पॅनिश शब्द आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारनंतर अचानक ढग भरून येतात आणि तासाभरात ओढे दुथडी भरतात. तिथले लोकही त्या पावसाला मान्सूनच म्हणतात, हे ऐकून मला उगीचच घरच्यासारखे वाटले. पुराचे पाणी शहराबाहेर काढण्यासाठी १९६३ मध्ये एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत शहरभर काँक्रीटचे उतरत्या बाजूंचे रुंद पाट बांधले गेले. वर्षातले बहुतेक दिवस कोरडे, मैलोन् मैल गुळगुळीत, दोन्ही बाजूंना उतार. लाटेची आठवण घेऊन हिंडणाऱ्या पोरांना आणखी काय हवे होते? कॅलिफोर्नियात १९७६-७७ च्या दुष्काळात रिकाम्या पडलेल्या पोहण्याच्या तलावांनी स्केटबोर्डचा इतिहास बदलला, हे पुष्कळदा सांगितले जाते. अल्बुकर्कीच्या पाटांची कथा तितकी गाजली नाही, पण स्केटबोर्डवाल्यांच्या जगात ते शहर ओळखले जाते ते या पाटांमुळेच.

पाटाचा उतार तलावापेक्षा वेगळा. तलावाची भिंत तळातून गोलाईने वर चढते. त्या गोलाईत शरीराचे वजन वाढल्यासारखे होते आणि चाके आपोआप दाबली जातात. पाटाची बाजू मात्र फळीसारखी सरळ. तळ आणि बाजू यांच्यात सरळ कोन. सरळ वर चढून सरळ खाली आलात तर आडव्या पकडीची फारशी गरज नाही. पण उतारावरून आडवे जाऊ लागलात की उताराची सगळी ओढ चाकांना सहन करावी लागते. वरच्या टोकाला खाली वळताना उतारच मदतीला येतो, तो तुम्हाला वळायच्याच दिशेने ओढत असतो. सगळ्यात कठीण जागा खालची. वेगाने उतरून पुन्हा वर वळायचे, तेव्हा वळणाचा जोर आणि उताराची ओढ एकाच बाजूला पडतात. पुराचे पाणी ओसरताना आपला गाळ आणि वाळू ठेवून जाते तेही नेमके त्याच जागी, तळाशी. कितीही महागडे चाक घ्या, ते काँक्रीटऐवजी वाळूच्या दाण्यांवर उभे असेल तर बेअरिंगच्या गाडीसारखेच वागते. म्हणून पाटात उतरणारे अनुभवी लोक फळीबरोबर झाडूही नेतात. आधी अर्धा तास झाडायचे, भेगा पाहायच्या, खडे वेचायचे, मग खेळायचे. मी हे समजून घेतले तेव्हा आमच्या पिढीला ‘आजकालची मुले’ म्हणून जो एक सरसकट शेरा मारायची सवय आहे, तो निदान या मुलांपुरता मागे घेतला.

अर्थात तिथेही पाटात उतरायला परवानगी नाही. ‘पाट जिवावर बेततात, दूर राहा’ अशा अर्थाची मोहीम तिथे वर्षानुवर्षे शाळाशाळांतून चालते. कारण आपल्या डोक्यावर निळे आकाश असते आणि डोंगरात पाऊस पडून गेलेला असतो. जुलै २०२१ मध्ये अशा एका पुरात तिथे तीन माणसे वाहून गेली. मुलाने हे मला फोनवर सांगितले तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. नातवाला त्याने पाटात जायला बंदी केली आहे आणि तो महापालिकेने बांधलेल्या स्केटपार्कात जातो, असे मला सांगण्यात आले आहे. मी त्यावर विश्वास ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात नातू आष्ट्याला आला तो फळी पाठीला लावूनच. दुसऱ्याच दिवशी आम्ही एका नातेवाइकांकडे जेवायला निघालो होतो. वाटेत गाडीतून एक कालवा दिसला. नव्याने अस्तरीकरण केलेला, कोरडा ठणठणीत, उन्हात पांढरा चमकणारा. नातू एकदम ओरडला, “आजोबा, थांबा! केवढा मस्त डिच आहे हा!” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला आधी गंमत वाटली आणि लगेच पोटात गोळा आला.

आपल्याकडे हे कोरडे कालवे का असतात ते वाचकांना वेगळे सांगायला नको. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेला ब्रिटिशकालीन कृष्णा कालवा या भागातला वडीलधारा. त्याच्या मागून ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजना आल्या. त्या कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. पाणी झिरपून वाया जाऊ नये म्हणून कालव्याला काँक्रीटचे अस्तर करतात. झिरपण्याचे आणि अति पाण्याचे परिणाम आष्ट्याच्या माणसाला कुणी सांगायला नकोत. आमच्या परिसरातली केवढी तरी काळीभोर जमीन क्षारपड होऊन पांढरी पडलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा अस्तर हवेच. पण अस्तर केलेला कालवा म्हणजे अल्बुकर्कीचा पाट नव्हे. तिथे पाणी ढगातून येते, इथे ते आवर्तनाने येते. आज खडखडीत, उद्या पहाटे पंप सुरू झाले की दुपारपर्यंत काठोकाठ. कधी सुटणार हे शेतकऱ्याला साधारण ठाऊक असते, शाळेतल्या मुलाला नसते.

आणि उताराचे गणित तेच असते. कालव्याच्या बाजूचा उतार अभियंते ‘दीडास एक’ असा सांगतात, म्हणजे दीड फूट आडवे गेले की एक फूट उंची. कोनमापकाने मोजला तर सुमारे चौतीस अंश. अशा उतारावर एखादी वस्तू नुसती टिकून राहायची तर घर्षणाचा आकडा ०.६७ च्या वर हवा. कोरड्या, स्वच्छ काँक्रीटवर चांगले चाक तो गाठते, अनवाणी पायही पुष्कळदा गाठतो. म्हणूनच मुले खेळता खेळता सहज खाली उतरतात. पाणी वाहू लागले, पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा हिरवा थर बसला, की हा आकडा कुठल्या कुठे कोसळतो. उतरताना जी पकड असते ती वर येताना नसते.

माझ्या नोकरीच्या काळात एका शाखेत आमच्या खातेदाराचा मुलगा असाच गेला. अकरावीत होता. पोहायला उत्तम; विहिरीत पुलावरून सूर मारणारा. कालव्याला पाणी होते, मित्रांबरोबर कडेला बसला होता, चप्पल खाली गेली म्हणून दोन पावले उतरला. पाणी काही फार खोल नव्हते. पण बाहेर यायला हात घालायला काही नव्हते. मातीच्या कालव्याच्या काठाला झुडूप असते, मूळ असते, खोबण असते. अस्तराला काहीच नसते. मित्र वरून टॉवेल टाकत धावत राहिले. पुढे पूल होता, तिथवर तो टिकला नाही. त्याचे वडील महिन्याभराने शाखेत आले, मुलाच्या नावाची छोटी ठेव मोडायला. फॉर्म भरताना त्यांनी मला विचारले, “त्याला पोहता येत हुतं, मग बुडलाच कसा?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आता आहे, पण ते सांगायला त्यांच्याकडे जाण्याचा काय उपयोग? तेव्हापासून मी प्रत्येक अस्तर केलेल्या कालव्याला पायऱ्या आहेत का, साखळी किंवा दोर आडवा टाकला आहे का, हे पाहत असतो. काही ठिकाणी पायऱ्या असतात. जिथे असतात तिथेही त्या पुलाजवळ असतात. मुले मात्र कुठेही उतरतात.

नातवाला मी गाडी थांबवून कालव्याच्या काठावर नेले आणि ही हकीकत सांगितली. त्याने अस्तरावर हात फिरवून पाहिला, वाकून खालच्या हिरव्या वाळलेल्या रेषेकडे पाहिले, आणि म्हणाला, “म्हणजे वेट झालं की ग्रिप झिरो.” पुढे काही बोलला नाही. जेवताना मात्र त्याने विचारले, “मग इथली मुलं कुठे खेळतात?”

ते त्याला चार दिवसांत कळले. आमच्याजवळ एका बंद पडलेल्या गोदामासमोर ट्रक मागे घेण्यासाठी केलेला काँक्रीटचा उतार आहे. वीसेक फूट लांब, चढ बेताचा, खाली सपाट आवार. मालकांची परवानगी मी काढली. पहिले काम अर्थातच झाडण्याचे. घरातला खराटा घेऊन अमेरिकेहून आलेला नातू भर उन्हात गोदामाचा उतार झाडतो आहे, हे दृश्य पाहायला गल्लीतली पोरे जमली नसती तरच नवल. “आरं, ह्येला हँडल कुठाय?” “बिरेक कसा मारायचा?” असे प्रश्न सुटले. एकाने चाकाला नख दाबून पाहिले आणि निकाल दिला, “रबर न्हाई. चपलीच्या तळव्यागत हाय.” रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर फारच जवळचे होते.

पहिले दोन दिवस सगळे आपटले. मी आग्रहाने हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे घालायला लावले, कारण पडणारा माणूस आधी हात टेकतो आणि मनगट मोडते. एकच हेल्मेट असल्याने पाळी आली, आणि पाळीमुळे भांडणेही आली. तिसऱ्या दिवशी आठवीतली एक मुलगी आली. घरी शेळ्या सांभाळते, बांधावरून तोल सावरत चालायची सवय. तिने कुणालाही न विचारता खांदे आधी फिरवले आणि कंबर मागून, नेमके जे नातू सगळ्यांना इंग्रजी-मराठी मिसळून घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता. फळी नागमोडी वळत उतारावरून खाली आली, सपाटीवरून परत फिरली आणि अर्ध्या उतारापर्यंत वर चढली. पाय खाली न टेकता. पोरे आधी गप्प झाली, मग ओरडू लागली. तिची आजी कोपऱ्यावर उभी राहून बघत होती. “पडंल की गं,” एवढेच म्हणाली, पण तिला घेऊन गेली नाही.

हा खेळ परदेशी चोचला आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यासाठी काही गोष्टी. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगचा प्रथम समावेश झाला आणि मोमिजी निशिया ही तेरा वर्षांची जपानी मुलगी सुवर्णपदक घेऊन गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनची झेंग हाओहाओ अकरा वर्षांची होती. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळात सुवर्णपदक मिळवले. आणि खेड्यातच काही उभे राहत नाही असे वाटत असेल तर मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातले जनवार पाहावे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये त्या आदिवासी वस्तीच्या गावात काँक्रीटचा स्केटपार्क उभा केला. नियम दोनच: शाळेत गेला नाहीत तर फळी नाही, आणि मुलींना आधी. राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूर गावात ‘स्केटर गर्ल’ या २०२१ च्या चित्रपटासाठी पार्क बांधला गेला. चित्रीकरण संपल्यावर तो मुलांसाठी तसाच ठेवला. या जागा म्हणजे तरी काय? पाणी कधीच येणार नाही अशी खात्री असलेला पाट. तळाशी कोनाऐवजी गोलाई, कडेला पायऱ्या, आणि झाडलेले काँक्रीट.

आमच्या तालुक्यात काँक्रीटला तोटा नाही. साखर कारखान्याचे आवार, शाळांची क्रीडांगणे, मंगल कार्यालयांची मोकळी पटांगणे. उताराला थोडी गोलाई देणारा गवंडीही गावात सापडेल. विहिरीचे कठडे गोल बांधणाऱ्या माणसाला ते अवघड नाही. सार्वजनिक कामांच्या याद्या करताना व्यायामशाळा, समाजमंदिर, सुशोभीकरण एवढीच नावे आपल्याला सुचतात. व्यायामशाळांविषयी माझी तक्रार नाही, पण त्यातल्या कितींच्या कुलपांना गंज चढला आहे हेही आपण पाहतोच. आणि पायऱ्यांचे, दोरांचे काम तर कुठल्या क्रीडा योजनेचीही वाट पाहणारे नाही. कालव्याच्या अस्तराच्या अंदाजपत्रकात ठरावीक अंतरावर पायऱ्या धरल्या तर खर्चात पडणारा फरक किरकोळच असेल. अशी अंदाजपत्रके तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत.

नातू जाताना फळी इथेच ठेवून गेला. मागच्या चाकांच्या आतल्या कडा बाहेरच्यापेक्षा जास्त झिजल्या आहेत, तेव्हा दर पंधरा दिवसांनी चाके डावी-उजवीकडे अदलाबदल करायची, अशी लेखी सूचना त्याने माझ्या टेबलावर ठेवली आहे. हेल्मेटे आता तीन झाली आहेत. फळी घेऊन जाणाऱ्याने वहीत नाव आणि वेळ लिहायची, परत आणताना खराटाही आणायचा. कालच्या पानावर सात नावे आहेत. त्यातले पहिले त्या आठवीतल्या मुलीचे, संध्याकाळी सव्वापाच.